पुण्याच्या डोक्यावरचा अनुस्वार

एका अक्षराने माणसाचा जीव जातो, हे पुण्यातल्या मुलाला पाटी-पेन्सिल हाती येण्याआधीच कळलेले असते. शनिवारवाड्याच्या आवारात थोरली माणसे पोरांना सांगतात की, ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना याच वाड्यात मारले, आणि मारले ते एका अक्षरापायी. रघुनाथरावांचा हुकूम ‘धरावे’ असा होता. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. ही कथा बखरींतून आणि लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली. तो कागद पुरावा म्हणून कोणी पुढे ठेवलेला नाही. तरीही ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत कायमचा बसला, आणि शुद्धलेखनाची महती सांगणाऱ्या शिक्षकांना एक भीतिदायक उदाहरण मिळाले.

आम्हांला या उदाहरणाविषयी पहिल्यापासून एक शंका आहे. कथा खरी धरली, तरी त्या कागदात शुद्धलेखनाची चूक कोणती होती? ‘मारावे’ हे रूप ‘धरावे’ इतकेच निर्दोष आहे. धातू बदलला, प्रत्यय जागच्या जागी राहिला. कोणत्याही मुद्रितशोधकाने तो हुकूम डोळे मिटून पुढे पाठवला असता. खोटा कागद व्याकरणशुद्ध असू शकतो आणि खरा कागद अशुद्धांनी भरलेला असू शकतो, एवढेच या कथेवरून सिद्ध होते. पेशवे दफ्तरातले रुमाल सोडणाऱ्या अभ्यासकांना यातला दुसरा प्रकार रोजचाच आहे.

त्या दफ्तराची लिपी मोडी. कागदावर आधी आडवी शिरोरेघ ओढायची, मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लटकवत जायचे. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. वेलांटी एकच, ती ऱ्हस्व की दीर्घ हा प्रश्नच कारकुनापुढे नसे. उकाराचेही तेच. या लिपीत मराठ्यांनी वसूल केला, तह केले, कर्जे काढली, वतनांचे तंटे तोडले. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला भेद दिसत नाही म्हणून एखादी स्वारी भलतीकडे गेल्याचे आमच्या वाचनात नाही. वाचणारा संदर्भाने अर्थ लावी, कारण त्याला विषय ठाऊक असे आणि बहुधा लिहिणाऱ्याचे हस्ताक्षरही ठाऊक असे.

याचा अर्थ त्या काळी लेखनाला शिस्तच नव्हती असा मात्र कोणी घेऊ नये. चिटणिशी वळण, मायने, कोणाला ‘आशीर्वाद’ लिहायचा आणि कोणाला ‘दंडवत’, याचे नियम कडक होते आणि ते चुकले तर रुसवेफुगवे होत. शिस्त होती, पण ती नात्याची आणि मानाची होती, वेलांटीची नव्हती.

वेलांटीची शिस्त छापखान्याबरोबर आली. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरला १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरी खिळ्यांत, आणि १८१० साली कोश छापला तो मोडी खिळ्यांत. म्हणजे आरंभी दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पुढे मुद्रणाने बाळबोध निवडली. या निवडीचा परिणाम आपल्या ध्यानात सहसा येत नाही. बाळबोध ही पोथ्यांची आणि शास्त्र्यांची लिपी, संस्कृत नेमकेपणाने लिहिता यावे अशा बेताची. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाची सगळी सामग्री तयार. मराठीच्या उच्चारात मात्र इकार-उकारांच्या लांबीने अर्थ बदलत नाही. ती लांबी शब्दातल्या जागेवर ठरते, असे भाषावैज्ञानिक सांगतात. कारकुनाची भाषा शास्त्र्याच्या अंगरख्यात शिरली. अंगरखा काही ठिकाणी सैल झाला, काही ठिकाणी घट्ट. पुढची दीडशे वर्षे शिंप्यांची भांडणे चालू राहिली.

पहिला मोठा शिंपी इंग्रज होता. मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांनी मोल्सवर्थ यांना १८३१ च्या मराठी–इंग्रजी कोशात साहाय्य केले, आणि १८३७ पासून ते पुण्यात, विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेवर देखरेख करू लागले. पुढे सरकारी मराठी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. १८५० साली त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढले. आज आपण पूर्णविराम देतो, तेव्हा या गृहस्थांचे देणे फेडीत असतो. मोल्सवर्थच्या कोशात एकाच शब्दाची दोन-दोन, तीन-तीन रूपे शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. कोशकाराला ती नोंदवण्यात अडचण वाटली नाही. शाळेचे क्रमिक पुस्तक असा उदारपणा दाखवू शकत नाही. मास्तरांना उत्तर एकच हवे असते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले, सरकारी शाळा वाढल्या, आणि ‘बरोबर’ व ‘चूक’ हे शब्द मराठी लिहिण्याला प्रथमच मोठ्या प्रमाणावर लागू झाले.

कँडीसाहेबांविषयी पुढच्या पिढीच्या पुणेकरांनी फारसे चांगले लिहिलेले नाही. त्यांनी मराठीला इंग्रजी वळण लावले हा आक्षेप खोटाही नाही. पण त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग आम्हांला या विषयात फार महत्त्वाचा वाटतो. १८५२ साली त्याच विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीराव फुल्यांचा मुलींच्या शिक्षणकार्याबद्दल सत्कार झाला, तो या कँडींच्या हस्ते. मराठी वाक्यात स्वल्पविराम कोठे द्यावा हे ठरवणारा माणूस आणि ज्यांना अक्षर शिवू दिले नव्हते त्यांच्यासाठी शाळा काढणारा माणूस, दोघे त्या दिवशी समोरासमोर उभे होते. लेखनाचे नियम आणि लेखनाचा हक्क या दोन गोष्टी एका दालनात आल्या. पुढे त्यांचे पटले नाही, याला कँडी कारण नाहीत.

१८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर लिहिला. शास्त्रीबुवांनी मराठी गद्याला दिलेला डौल कोणी नाकारू नये. आम्हीही त्याच डौलाचे दूरचे वारस आहोत, हे या लेखातल्या वाक्यांच्या लांबीवरून वाचकांना दिसतच असेल. पण याच मालेत त्यांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हा फुल्यांचे व्याकरण हा थट्टेचा एक मोठा विषय झाला. ज्याला विभक्तिप्रत्यय सांभाळता येत नाहीत त्याने धर्माची चिकित्सा काय करावी, असा त्या थट्टेचा एकंदर सूर.

येथे थोडे थांबले पाहिजे. फुले अडाणी नव्हते. मिशनच्या शाळेत ते इंग्रजी शिकले होते आणि ‘गुलामगिरी’ची एक प्रस्तावना त्यांनी इंग्रजीत लिहिली आहे. त्यांचे मराठी हे ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या तोंडचे मराठी होते. ते वाचताना शास्त्रीबुवांच्या कानाला जे खटकले, त्यातले काही खरोखरच सैल असेल. घाईने लिहिणाऱ्याचे असतेच. प्रश्न असा की, ग्रंथात मांडलेला आरोप मोठा होता, त्याला उत्तर द्यायचे तर इतिहास आणि आकडे घेऊन द्यावे लागले असते. व्याकरणाची चूक दाखवणे सोपे होते. चूक खरी असते हीच या युक्तिवादातली मेख आहे. खोटा आरोप खोडून काढता येतो. खऱ्या, पण गैरलागू आरोपाला उत्तर नसते. वाचक हसतो, आणि हसल्यावर त्याला मूळ प्रश्न आठवत नाही.

१८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना बोलावणे धाडले. फुल्यांनी नकार कळवला. ते पत्र प्रसिद्ध आहे. ज्यांना ग्रंथकार म्हणून जमवले जात आहे त्यांच्या ग्रंथांत आमच्या लोकांचे काही नाही, असा त्याचा आशय. मराठी साहित्य संमेलनांच्या परंपरेत निमंत्रण नाकारणारे हे पत्र त्या सभेतल्या भाषणांपेक्षा जास्त वाचले गेले आहे. त्यातल्या वेलांट्या कोणी मोजत बसत नाही.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण पुण्यातले सगळेच शुद्धलेखनवाले काही सोवळे नव्हते. ‘सुधारक’ पत्र १८८८ साली निघाले. त्याच वर्षी गोपाळ गणेश आगरकरांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक आले. समाजाच्या रूढी मोडायला निघालेला माणूस वाक्याचे उद्देश्य आणि विधेय वेगळे करून दाखवण्यात तितकाच रमला होता. त्याच्या दृष्टीने ती दोन कामे नव्हती. गोंधळलेले वाक्य हा गोंधळलेल्या विचाराचा आडोसा असतो, हे आगरकरांना पक्के ठाऊक होते. आम्हांला व्याकरणाच्या बाजूने एकच साक्षीदार उभा करण्याची मुभा मिळाली, तर आम्ही त्यांना बोलावू.

टिळकांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या शाळकरी वयातला एक किस्सा चरित्रकार सांगतात. मास्तर मजकूर सांगत होते, त्यात ‘संत’ हा शब्द तीनदा आला. मुलाने तो तीन प्रकारांनी लिहिला: एकदा अनुस्वार देऊन, एकदा जोडाक्षर करून, एकदा पाय मोडलेला ‘न’ सुटा ठेवून. मास्तरांनी एकच बरोबर धरला आणि मुलगा हट्टाला पेटला की तिन्ही बरोबर आहेत. हा किस्सा टिळकांच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून सांगतात. आम्हांला त्यात मास्तरांचीही बाजू दिसते. तिन्ही रूपे शास्त्राने बरोबर आहेत हे खरे, पण एकाच पानावर तिन्ही लिहिणारा विद्यार्थी वाचणाऱ्याला उगाच तीनदा थांबवतो. बरोबर असणे निराळे आणि ठरलेले असणे निराळे. लेखनाच्या नियमांचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि सारे वाद त्याला पहिल्या प्रकारचा समजण्यातून होतात.

मुलाचे पुढे संपादकात रूपांतर झाले, आणि १९०४ साली लेखनपद्धतीवर ‘केसरी’त लेख लिहिण्याची वेळ त्याच्यावर आली. त्याआधी काशिनाथ नारायण साने, हातवळणे आणि गोडबोले या शिक्षणक्षेत्रातल्या मंडळींनी जुन्या पद्धतीत सुधारणा सुचवल्या होत्या. ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही ते लिहायचे कशाला, हा त्यातला कळीचा प्रश्न. साने म्हणजे विष्णुशास्त्र्यांचे स्नेही, ‘काव्येतिहाससंग्रहा’चे संपादक. जुने कागद जपून छापणारा माणूसच नव्या पिढीच्या डोक्यावरचे अनुस्वार उतरवायला निघाला होता, याची आम्हांला गंमत वाटते. पण जुन्या कागदांशी ज्याचा संबंध आला आहे त्यालाच कळते की, आपण ज्याला परंपरा म्हणून कवटाळतो तिचे वय फार नसते.

अनुस्वाराविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आजच्या तिशीतल्या वाचकाने ते ठिपके फक्त आजोबांच्या पुस्तकांत पाहिलेले असतील. मीं, तूं, कांहीं, नाहीं, पांच, घरांत, त्यानें, पुस्तकें. या शहराचे नावसुद्धा ‘पुणें’ असे छापले जाई. हे ठिपके बिनकामाचे नव्हते. ‘तें’ म्हणजे एक नपुंसकलिंगी वस्तू आणि ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष. ‘नांव’ माणसाचे आणि ‘नाव’ नदीतली. त्यांत शब्दाचे कूळही दिसे. ‘पांच’मधला ठिपका ‘पञ्च’ची आठवण. पण हे कूळ उच्चारात राहिले नव्हते, आणि ज्याच्या घरी संस्कृत नाही त्याला प्रत्येक ठिपका पाठ करावा लागे. ब्राह्मणाच्या मुलाला जे सवयीने येई ते इतरांना घोकंपट्टीने मिळवावे लागे. या ठिपक्यांनी शाळेत किती मुलांचे गुण कापले गेले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेने यावर बरीच वर्षे खल केला. निकाल लागला तो महाराष्ट्र राज्य झाल्यावर. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले, आणि आज शाळेत शिकवतात ते हेच अठरा. अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘पुणें’चे ‘पुणे’ झाले. ‘कवि’, ‘मति’, ‘गुरु’ यांचे शेवट दीर्घ झाले. ‘पाणि’ म्हणजे हात, तोही ‘पाणी’ झाला, आणि संस्कृतज्ञांच्या डोळ्यांत पाणी आले. पण चक्रपाणीच्या हातातून चक्र काही गळून पडले नाही.

या नियमांत एक अनुस्वार राखला गेला आहे, तो आम्हांला मनापासून आवडतो. अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार आदरार्थी एकवचनालाही द्यायचा. ‘वडिलांचे पत्र’ आणि ‘वडिलाचे पत्र’ यांत फरक फक्त ठिपक्याचा, पण दुसरे वाचताना मराठी माणूस दचकतो. चिटणिशी मायन्यातला मान आता या ठिपक्यात येऊन राहिला आहे. हा ठिपका गळला तर ती केवळ लेखनाची चूक होत नाही, वडिलांचा अवमान होतो. आणि हे समजायला संस्कृत लागत नाही.

दुसरा एक नियम मात्र आम्ही पुनःपुन्हा वाचला, आणि दर वेळी चकित झालो. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य छापताना मूळ लेखन जसेच्या तसे ठेवावे. त्यांच्यापासून पुढचे नव्या नियमांनी छापावे. व्यवहाराच्या दृष्टीने रेघ कोठे तरी ओढावी लागते हे आम्हांला मान्य आहे. पण ती ‘निबंधमाले’वर ओढली गेली, याचा परिणाम पाहा. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, म्हणून तिच्यातली फुल्यांची रूपे मूळची ठेवायची. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा, म्हणून त्यातली रूपे दुरुस्त करता येतात. एकाच माणसाच्या दोन ग्रंथांमधून ही सीमारेषा जाते, आणि ती त्याच्या मराठीला हसणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. हे कोणी ठरवून केले असे आम्हांला सुचवायचे नाही. इतिहासाला अशा खोड्या काढण्याची सवय असते. पण जुना ग्रंथ छापणाऱ्या प्रत्येक संपादकाने लेखणी उचलण्यापूर्वी आपण चूक सुधारतो आहोत की साक्ष बदलतो आहोत, हे स्वतःला विचारावे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली तेव्हा पत्रांतली रूपे जशी होती तशी ठेवली, म्हणून आज त्यांवरून भाषेचा अभ्यास करता येतो. कारकुनाच्या चुकांनाही शंभर वर्षांनी पुराव्याची किंमत येते.

गंमत अशी की, एका दारातून घालवलेला अनुस्वार दुसऱ्या दारातून परत आला. ‘असे केले’ हे ग्रांथिक, ‘असं केलं’ हे बोलण्यातले. पात्राच्या तोंडी घातलेल्या भाषेत हा अनुस्वार चालेल, एरवी एकारान्त लिहावे, असे नियम सांगतो. म्हणजे पात्र बोलीत बोलेल आणि लेखक ग्रांथिकात लिहील, असे घराचे दोन मजले गृहीत धरले आहेत. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. तो ठिपका शीर्षकातच आहे. ज्याचा आयुष्यभर पात्र म्हणूनही उल्लेख झाला नव्हता तोच लेखक झाला, तेव्हा निवेदन कोठे संपते आणि संवाद कोठे सुरू होतो? वरचा मजला आणि खालचा मजला एक झाला. त्याआधी १९७२ साली, म्हणजे महामंडळाचे शेवटचे चार नियम आले त्याच वर्षी, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला होता, आणि त्यातले शब्द समजून घेण्यासाठी सदाशिव पेठेला दुसऱ्यांना विचारावे लागले होते. आजवर उलटे घडत असे.

जर्मनीत १९९६ साली शुद्धलेखनाचे नवे नियम ठरले, तेव्हा प्रकरण तिथल्या घटना-न्यायालयापर्यंत गेले. १९९८ साली न्यायालयाने शाळेपुरते नियम ठरवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला; शाळेबाहेरच्या नागरिकाने कसे लिहावे हे मात्र त्याचे त्याने पाहावे. एका मोठ्या वृत्तपत्राने तर २००० साली जुनी पद्धत पुन्हा सुरू केली. आपल्याकडे वाद न्यायालयाबाहेर, वाचकांच्या पत्रव्यवहारात अधिक रंगला, पण स्थिती फारशी वेगळी नाही. शाळा आणि सरकारी कचेरी यांना नियम बांधतात. बाकीच्यांना बांधते ती लाज.

ही लाज हाच खरा विषय आहे. ‘आणि’ला ‘आनि’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पुण्यातल्या वर्गात काय सोसावे लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला व्याकरण हा निरुपद्रवी विषय वाटणार नाही. ‘न’ आणि ‘ण’ यांतला भेद त्या मुलाच्या गावच्या बोलीत नाही. बोलीचे स्वतःचे नियम आहेत आणि ती ते काटेकोरपणे पाळते. डेक्कन कॉलेजातले ना. गो. कालेलकर, अशोक केळकर हे भाषावैज्ञानिक नेमके हेच सांगत आले: भाषा शुद्ध किंवा अशुद्ध नसते, प्रमाणलेखन हा एक करार असतो. महामंडळानेही आपल्या नियमांना ‘लेखनविषयक नियम’ म्हटले. ‘शुद्ध’ हा शब्द आपण मोह म्हणून चालू ठेवला आहे. त्याला सोवळ्याचा वास येतो.

करार म्हटला की तो मोडायची मुभा मिळाली, असे समजणारेही पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी आमचे जमत नाही. ज्याला मोडीचा कागद यायचा त्याला विषय ठाऊक असे, लिहिणारा ठाऊक असे. आज आपण लिहितो ते अनोळखी माणसाने अनोळखी ठिकाणी वाचावे म्हणून. विचारायला लिहिणारा समोर नसतो. औषधाच्या वेष्टनावर, खरेदीखतात, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत वाक्य एकच अर्थ देणारे लागते. तिथे ‘भावना पोचल्या ना’ म्हणून भागत नाही. शिवाय लेखनाचा करार माहीत नसण्याचा तोटा सर्वांत जास्त कोणाला होतो? ज्याच्या घरी तो आपोआप मिळतो त्याला नव्हे. ‘नियम कशाला हवेत’ असे म्हणणारा बहुधा नियम येत असलेला माणूस असतो, आणि त्याच्या मुलाला ते घरी शिकवले जात असतात.

म्हणून आम्हांला यास्मिन शेख यांच्यासारख्या व्यक्तींचे काम मोलाचे वाटते. १९२५ साली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या, स. प. महाविद्यालयात श्री. म. माट्यांच्या हाताखाली मराठी शिकलेल्या, आणि विवाहानंतर शेख झालेल्या या बाईंनी ‘मराठी शब्दलेखनकोश’ सिद्ध केला आणि ‘अंतर्नाद’ मासिकाचे लेखन व्याकरणाच्या दृष्टीने तपासले. मराठीचे प्रमाणलेखन कोणा एका पेठेची मिरासदारी नाही, याला याहून चांगला पुरावा आम्हांला सापडलेला नाही. मो. रा. वाळंबे, अरुण फडके यांनीही हेच केले: ज्याच्याजवळ कूळ नाही त्याच्या हाती कोश दिला. फडक्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ असे आहे. खिशात ठेवता येते ते सर्वांचे होते.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही एका लहान नियतकालिकाच्या संपादनाला हातभार लावीत होतो. मराठवाड्यातून एक लेख आला, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांविषयी. पहिल्या पानावर आम्ही तांबड्या शाईने सत्तावीस खुणा केल्या आणि दुसरे पान उलटण्यापूर्वी लेख साभार परत केला; सोबत ‘लेखननियमांचा अभ्यास करावा’ अशी सूचना. खुणा एकूण एक बरोबर होत्या. त्या लेखकाने पुन्हा काही पाठवले नाही. मोहोळ बंद पडलेल्या कोयत्यासारखी काहीशी प्रतिमा त्याच्या पहिल्या परिच्छेदात होती. आम्ही तिच्या ‘मोहोळ’चा हकार तपासला होता एवढे स्मरते. तो कोयत्याविषयी पुढे काय सांगणार होता, ते दुसऱ्या पानावर होते.